पाट्या संपेपर्यंत उठू नका!

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारची भांडी आवरून मी जरा आडवी झाले होते, तेवढ्यात दारातून हाक आली, "बाई, हायत का घरी?"

आमच्या कळंबला मला सगळे अजून 'बाई'च म्हणतात. शाळेतून रिटायर होऊन आठ-नऊ वर्षं झाली, तरी गल्लीतल्या कुणाच्या लेकराचा फॉर्म भरायचा असो की कुणाला अर्ज लिहून हवा असो, पहिली हाक बाईंना! दारात उभी होती आमच्याच गल्लीतली, घरी ब्लाऊज शिवून, पिको-फॉल करून संसाराला हातभार लावणारी बाई. तिचं नाव मुद्दामच सांगत नाही. छोट्या गावात नाव सांगितलं की गोष्ट राहते बाजूला आणि चर्चाच जास्त होते, हे तुम्हाला काय वेगळं सांगायचं?

हातात कापडी पिशवी होती. मला वाटलं, माझे ब्लाऊज शिवून आणले असतील. पण पिशवीतून निघाल्या चार दोनशेपानी वह्या!

"बाई, ह्या वाचा. आमच्या पोरीच्या हायत. बारावी झाली, आता म्हणती मला टीव्हीच्या मालिका लिहायच्यात. नर्सिंग नको म्हणती, डीएड नको म्हणती. हिचे पप्पा आडतीवर मुनीम. ते म्हणतात, लिहून कुणाचं पोट भरलंय का? दोन दिस झालं घरात कुणी कुणाशी बोलंना. तुम्हीच तिला चार शब्द समजावून सांगा."

'समजावून सांगा' म्हणजे काय, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक असतं. समजावणं म्हणजे पोरीच्या डोक्यातलं खूळ काढणं! मी वह्या ठेवून घेतल्या आणि म्हटलं, "आधी वाचते, मग बोलू."

रात्री वाचायला बसले. पहिल्या तीन वह्यांत तेच, जे आपण रोज संध्याकाळी सातपासून बघतो. मोठा बंगला, गोल जिना, दागिने घालून झोपणारी सासू, सुनेच्या दुधात काहीतरी मिसळणारी जाऊ. मला हसू आलं. पोरीने आयुष्यात असला जिना पाहिला नसेल! पण चौथी वही उघडली आणि मी सरळ होऊन बसले. त्यात एक शिलाई मशीन होती. त्या मशीनपाशी येणाऱ्या बायका होत्या. कुणी लेकीच्या लग्नाचे ब्लाऊज आणलेले, पण लेक लग्नाला तयार नाही. कुणी नवऱ्याच्या मागे पहिल्यांदाच नवीन ब्लाऊज शिवायला आलेली, आणि रंग कोणता सांगावा म्हणून अडलेली. माप घेता घेता बायका जे बोलतात, ते त्या पोरीने पडद्याआड अभ्यास करता करता ऐकलेलं होतं. शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी. पण मैत्रिणींनो, ती वही मी एका बैठकीत संपवली.

आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचं एक नाव आठवलं.

१९८४-८५चा सुमार असेल. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेले. सुट्टीत पुण्याला मावसबहिणीकडे गेले होते. तिच्याकडे टीव्ही होता. आमच्या गावात टीव्ही आला तो नंतर, आणि आल्यावरही निम्मा वेळ माळवदावर चढून अँटेना फिरवण्यात जायचा. वरून एकजण ओरडायचा, "दिसतंय का?" खालून सगळी गल्ली ओरडायची, "मुंग्याच दिसतात!" तर पुण्यात त्या संध्याकाळी दूरदर्शनवर 'अडोस पडोस' नावाची हिंदी मालिका लागली होती. अमोल पालेकर होते त्यात. शेजारीपाजारी राहणाऱ्या साध्या माणसांच्या साध्या गोष्टी. मालिका संपली, बाकीचे जेवायला उठले, मी मात्र पाट्या वाचत बसले. लेखन आणि दिग्दर्शन, सई परांजपे. बाईचं नाव! सहकार्य म्हणून नाही, वेशभूषा म्हणून नाही, लिहिणारी आणि करणारी म्हणून.

ते नाव माझ्या मनात का रुतलं, त्याला कारण आहे. त्याच वर्षी मी एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलींचं नाटुकलं लिहिलं होतं, बसवलंही होतं. पंधरा दिवस घसा बसेपर्यंत तालमी घेतल्या. ऐन दिवशी माईकवरून जाहीर झालं ते वेगळंच नाव. ज्यांनी फक्त पडदा भाड्याने आणला होता, त्यांचं! मी काही बोलले नाही. घरी येऊन भाकऱ्या थापल्या. पुन्हा म्हणून नाटक लिहिलं नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं. पण तेव्हा बाईने आपलं नाव मागणं म्हणजे मिरवणं समजलं जायचं.

म्हणून या पोरीला 'समजावण्या'आधी मी सई परांजपे यांची सगळी वाटचाल पुन्हा एकदा नीट डोळ्यांखालून घातली. आमच्या वाचनालयातून त्यांचं 'सय' हे आत्मकथन आणलं. हे पुस्तक २०१६ साली आलं. आणि दुसऱ्या दिवशी त्या मायलेकींना चहाला बोलावलं. चहा पिता पिता जे बोलले, तेच तुम्हालाही सांगते.

सईताईंचा जन्म १९ मार्च १९३८चा, लखनौचा. आजोबा रँग्लर परांजपे, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. आई शकुंतला परांजपे. त्याही केंब्रिजला गणित शिकलेल्या. व्ही. शांताराम यांच्या १९३७च्या 'कुंकू' सिनेमात त्यांनी काम केलं होतं, पुढे कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी आयुष्य घातलं, राज्यसभेतही गेल्या. वडील रशियन चित्रकार. आईवडील लवकर वेगळे झाले आणि शकुंतलाबाईंनी लेकीला एकटीने, आजोबांच्या आधाराने वाढवलं. आठव्या वर्षी सईचं पहिलं पुस्तक छापून आलं, 'मुलांचा मेवा'.

एवढं सांगितलं आणि पोरीच्या आईने कप खाली ठेवला.

"बाई, राग मानू नका. त्यांचे आजोबा असले मोठे! आमचे सासरे ऊसतोडीला जायचे, आंगठा लावायचे. त्यांच्या पोरीनं काय बी केलं तर चालतंय. आमच्या पोरीनं करावं का?"

खरं सांगू? प्रश्न चुकीचा नव्हता. थोरामोठ्यांच्या कहाण्या सांगताना आपण हे सोयीने विसरतो. घरात पुस्तकं असणं, इंग्रजी कानावर पडत असणं, पोर पडली तर उचलणारं कुणीतरी असणं, याला मोल आहे. ते नाही असं म्हणणं म्हणजे आमच्या बार्शी-येरमाळा रस्त्यावरून पायी जाणाऱ्याला मोटारवाल्याने "चालत का नाहीस भरभर?" म्हणण्यासारखं! मी तसं काही म्हटलं नाही. म्हटलं, "खरं आहे तुझं. पण पुढचं ऐक. आजोबांचं नाव दारापर्यंत नेतं. आत गेल्यावर काम स्वतःलाच करावं लागतं."

आणि सईताईंनी काम केलं ते अगदी पायरी पायरीने. सुरुवात पुणे आकाशवाणीवर. तिथे निवेदन केलं, मुलांसाठी कार्यक्रम केले. रेडिओवर चेहरा दिसत नाही, देखावा नसतो. सगळं शब्दांनी आणि आवाजाने उभं करायचं. संवाद लिहायला शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण, १९६३ साली तिथून बाहेर पडल्या. मुलांची नाटकं लिहिली, बसवली. आणि मग आल्या टीव्हीवर.

तेव्हाचा टीव्ही कसा होता, हे आजच्या पोरींना सांगून पटत नाही. आपल्या देशात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, तोही फक्त दिल्लीत आणि आठवड्यातून थोडाच वेळ. रोजचं प्रसारण १९६५ला सुरू झालं. दूरदर्शन हे आकाशवाणीपासून वेगळं खातं झालं ते १९७६ला. रंग आले १९८२ला. म्हणजे सईताई दिल्ली दूरदर्शनवर निर्माती म्हणून काम करू लागल्या, तेव्हा हे माध्यमच पाळण्यात होतं. कुणाला नीटसं ठाऊक नव्हतं की टीव्हीवर नाटक करायचं म्हणजे काय करायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 'निर्माती' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पैसे घालणारी व्यक्ती येते. खासगी वाहिन्यांच्या मालिकांमध्ये ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण जुन्या दूरदर्शनवर निर्माता म्हणजे नोकरीवरचा माणूस, कार्यक्रम प्रत्यक्ष घडवणारा. विषय शोधायचा, लिहायचा किंवा लिहून घ्यायचा, कलाकार गोळा करायचे, स्टुडिओची वेळ मिळवायची, तालीम घ्यायची, कॅमेऱ्यांना सूचना द्यायच्या, आणि ठरलेल्या मिनिटाला कार्यक्रम संपवायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर लग्नघरातली ती थोरली जाऊ, जिला केळवणापासून पाठवणीपर्यंत सगळं बघावं लागतं आणि फोटोत मात्र ती कुठेच नसते!

१९७२ साली सईताईंनी टीव्हीसाठी एक छोटा चित्रपट केला, 'द लिटल टी शॉप'. नावातच बघा, छोटंसं चहाचं दुकान! त्या चित्रपटाला तेहरानला आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम करण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं गेलं. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात टीव्हीचा पहिला दिवा लागला, तेव्हा तिथे काम करणाऱ्या हातांत एका बाईचे हात होते. हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नाही.

पुढे मुलांचे चित्रपट आले, 'जादू का शंख', 'सिकंदर'. मग १९८०चा 'स्पर्श'. दिल्लीतल्या अंध मुलांच्या शाळेतले अंध मुख्याध्यापक त्यांच्या पाहण्यात आले होते. त्यांच्यावरून नसीरुद्दीन शाह यांची भूमिका सुचली. या सिनेमाला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा, नसीरुद्दीनना अभिनयाचा आणि सईताईंना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथेचा, म्हणजे लिहिण्याचा. हे मी पोरीला दोनदा सांगितलं.

मग १९८१ला 'चश्मे बद्दूर', १९८३ला 'कथा'. एकात दिल्लीत भाड्याच्या खोलीत राहणारी तीन पोरं आणि दारोदार फिरून 'चमको' धुण्याची पावडर विकणारी मुलगी. दुसऱ्यात मुंबईची चाळ. 'कथा'चं मूळ शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या नाटकात. त्यानंतर टीव्ही मालिका, १९८४ला 'अडोस पडोस' आणि १९८५ला 'छोटे बडे'. त्या काळात 'हम लोग' मालिकेने देश वेडा केला होता. जुलै १९८४मध्ये ती सुरू झाली आणि मालिका म्हणजे काय असते, हे आपल्याला कळलं.

आता या सगळ्या नावांवरून एकदा नजर फिरवा. चहाचं दुकान. शाळा. भाड्याची खोली. चाळ. शेजार. यातलं काय आपल्या गावात नाही? रँग्लरांच्या नातीने बंगल्यातल्या गोष्टी लिहिल्या असत्या, तर कुणी तिला दोष दिला नसता. पण ती चाळीत जाऊन बसली, चहाच्या टपरीवर थांबली. आणि आमची शिवणकाम करणाऱ्या आईची लेक मात्र तीन वह्या बंगल्यातल्या गोल जिन्यावर खर्च करत होती!

हे ऐकून पोरगी पहिल्यांदा बोलली. "बाई, चौथी वही मी कुणाला दाखवणारच नव्हते. त्यात काय हाय? आमचंच घर हाय."

"तेच तर आहे!" मी म्हटलं.

सईताईंचा १९९०चा 'दिशा' सिनेमा मी तिला सांगितला. गावातून मुंबईला पोटासाठी गेलेली माणसं त्यात आहेत. आणि गावात मागे राहिलेला एकजण आहे, ओम पुरींनी केलेला, जो वेड्यासारखा विहीर खणत राहतो. लोक हसतात, तो खणतच राहतो. आपल्या जिल्ह्यात हे कुणाला नवीन आहे? घरटी एखादा तरी विहिरीपायी, बोअरपायी कर्जात बुडालेला इथे सापडेल. ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला गेलेली माणसं तर गल्लीगल्लीत. आणि दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रातल्या एका खेड्यावर त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'चूडियाँ' हा लघुपट केला. त्याला १९९३ साली सामाजिक विषयावरच्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दारूच्या दुकानापुढे पदर खोचून उभ्या राहिलेल्या बायका आपणही पाहिल्यात. पाहिल्या सगळ्यांनी. लिहिल्या किती जणींनी?

पोरीच्या आईचा पुढचा प्रश्न तयार होता. "ते समदं खरं. पर पैसं मिळत्यात का?"

आता इथे गोड गोड बोलून चालत नाही. मी जे ऐकलं-वाचलं, ते जसंच्या तसं सांगितलं. सईताईंच्या वेळी सरकारी एकच वाहिनी होती. आठवड्याला एक भाग, तेरा आठवडे, संपलं. आता रोजची मालिका असते. मराठीत रोजच्या मालिकांची सवय लावली ती १९९७च्या सुमारास सह्याद्रीवर लागलेल्या 'दामिनी'ने. प्रतीक्षा लोणकर त्यात पत्रकार झाल्या होत्या, आठवतंय ना? रोजचा भाग म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटांचं लिखाण. एकट्याने होत नाही. म्हणून एकजण कथा पुढे नेतो, दुसरा पटकथा करतो, म्हणजे कोणता प्रसंग कुठे घडेल ते प्रसंगाप्रसंगाने मांडतो, आणि तिसरा संवाद लिहितो. पाट्यांमध्ये कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी नावं का येतात, ते आता कळलं असेल. दर आठवड्याला रेटिंग येतं. ते घसरलं की कालपर्यंत चांगली असलेली सून रातोरात दुष्ट होते, मेलेला नवरा परत येतो! लेखिकेला पटो न पटो, उद्याच्या शूटिंगला पानं द्यावी लागतात. आणि पैसे हातात यायला तीन-तीन महिने लागणं या धंद्यात नवीन नाही. मुंबईत तेवढे दिवस भाडं भरायची ताकद हवी.

पण पोट भरतं का? भरतं, काही जणींचं चांगलं भरलंय. स्मिता तळवलकर दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. पुढे 'अस्मिता चित्र' ही स्वतःची संस्था काढली, सिनेमे काढले, आणि 'अवंतिका'सारखी मालिका घराघरात नेली. २०१४ साली त्या गेल्या तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका घरचं कुणी गेल्यासारख्या हळहळल्या होत्या. मालिका, नाटक, सिनेमा तिन्हीकडे लिहिणाऱ्या मधुगंधा कुलकर्णी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' बघा. कुठला? आपल्या शेजारच्या पंढरपूरचा! आईच्या अडचणीसाठी सायकल विकायची वेळ आलेलं एक लेकरू, एवढीच गोष्ट. तिची आई काय करायची आठवतं? मशीनवर स्वेटर विणायची.

हे ऐकल्यावर शिलाई मशीनवाली पहिल्यांदा हसली.

आणखी एक गंमत सांगितली. या मालिकांना अमेरिकेत 'सोप ऑपेरा' म्हणतात, कारण सुरुवातीला त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या करायच्या. दुपारी घरकाम करणाऱ्या बायका रेडिओ ऐकतात, त्यांनाच साबण विकायचा, हा हिशेब. आणि त्या धाटणीच्या मालिका रुजवणारी कोण? इर्ना फिलिप्स नावाची बाई. आधी शाळेत शिक्षिका होती! १९३०मध्ये तिने शिकागोच्या रेडिओवर मालिका लिहायला घेतली. तिची 'गायडिंग लाइट' १९३७ला रेडिओवर सुरू झाली, १९५२ला टीव्हीवर आली आणि थेट २००९पर्यंत चालली. लिहिणारी गेली तरी गोष्ट चालूच! तेव्हा कुणी म्हटलं की मालिका म्हणजे बायकांचा रिकामा उद्योग, तर सांगा, हा उद्योग एका बाईंनी उभा केलाय. आता तो चांगला करायचा की गोल जिन्यावरच अडकवून ठेवायचा, हे लिहिणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्याही हातात आहे.

मग आम्ही तिघींनी बसून कागदावर हिशेब मांडला. स्वप्नाचा नव्हे, वर्षांचा. पहिली गोष्ट, पदवी पूर्ण करायची. इथेच, घरी राहून. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकवतात, पण त्याला पदवी लागते आणि प्रवेश परीक्षाही असते. छत्रपती संभाजीनगरला आपल्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे, तो जवळचा. दुसरी गोष्ट, रोज दोन पानं लिहायची, पण ऐकलेलं आणि पाहिलेलं. तिसरी, कॉलेजच्या एकांकिका, युवक महोत्सव, जिथे संधी मिळेल तिथे लिहून, बसवून बघायचं. सईताईंनीही रेडिओ आणि मुलांच्या नाटकांवरच हात बसवला. चौथी, आपलं लिखाण कुणालाही असंच पाठवायचं नाही. मुंबईत पटकथालेखकांची संघटना आहे, तिचं सभासद होऊन आपली कथा आधी नोंदवता येते. आणि पाचवी, हे जमेपर्यंत हाताला एक कमाईचं काम ठेवायचं. त्यात कमीपणा नाही.

"नर्सिंग?" आईने आशेने विचारलं.

"शिवणकाम," पोरगी म्हणाली. "तिथं बसूनच तर गोष्टी मिळत्यात."

पप्पांचं काय झालं, विचाराल. ते अजून पूर्ण राजी नाहीत. बीएला प्रवेश घ्यायला 'हो' म्हणाले, एवढंच. पुढचं पुढे. पण परवा आडतीवरून येताना त्यांनी दोन कोऱ्या वह्या आणल्या आणि काही न बोलता टीव्हीवर ठेवल्या, असं तिची आई सांगत होती. बापमाणसाचं बोलणं असंच असतं.

जानेवारी २०२५मध्ये आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात सई परांजपे यांना पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार दिला गेला. तेव्हा त्या शहाऐंशी वर्षांच्या होत्या. २००६ला पद्मभूषण मिळालंच होतं. पेपरातली ती बातमी मी कापून ठेवली होती. ते कात्रण आता त्या पोरीच्या चौथ्या वहीत आहे.

जाताना तिने मला विचारलं, "बाई, तुमचं नाटुकलं कुठंय? मला द्या की वाचायला." मी म्हटलं, "गेलं गं कुठेतरी." पण ती गेल्यावर ट्रंक उपसली. सापडलं नाही. दोन-तीन प्रसंग मात्र अजून पाठ आहेत. रविवारी दुपारी लिहून काढायला बसणार आहे. आणि या वेळी पहिल्या पानावर वर स्वतःचं नाव घालणार आहे, आधीच!

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात, गादीखाली, दप्तरात अशी एखादी वही असेल. लेकीची, सुनेची, नाहीतर तुमची स्वतःची. एकदा काढून वाचा. आणि आज रात्री मालिका संपल्यावर लगेच कुकर लावायला उठू नका. पाट्या पळत असतात, अक्षर बारीक असतं, तरी डोळे ताणून वाचा. कथा कुणाची, पटकथा कुणाची, संवाद कुणाचे. त्यात एखादं बाईचं नाव दिसलं, तर शेजारी बसलेल्या लेकीला ते मोठ्याने वाचून दाखवा.